वाया गेलेल्या गेनची खोटी तक्रार

ॲम्प्लिफायर, म्हणजे क्षीण विद्युत संकेत मोठा करून देणारे सर्किट, या विषयावर जळगाव-धुळ्याकडे एक मत दोन वेगळ्या वाटांनी भेटते. तंत्रनिकेतनांच्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्गांत ते परीक्षेतील चार ओळींच्या उत्तराच्या रूपाने येते, आणि लग्नसराईसाठी ध्वनियंत्रणा जुळवून देणाऱ्या दुकानांत ते कारागिराच्या ठाम अनुभवाच्या रूपाने येते. निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा ठरावीक हिस्सा मागे आणून तो इनपुटमधून वजा करण्याची रीत, ही या मताप्रमाणे एक तोट्याची तडजोड आहे: कष्टाने मिळवलेला गेन, म्हणजे संकेत किती पट मोठा होतो तो आकडा, तिच्यात वाया जातो आणि त्याच्या मोबदल्यात थोडी बँडविड्थ बक्षीस मिळते. सर्किट स्थिर राहील की नाही ही चिंता ‘कंट्रोल सिस्टिम्स’ शिकवणाऱ्यांची आहे, कारण आजकालच्या चिपमध्ये त्याची सोय कंपनीनेच केलेली असते. गेन एकवर ठेवला तर कसलाच धोका उरत नाही. आणि गाण्याच्या बाबतीत तर फीडबॅक जितका कमी तितका आवाज मोकळा. या मतातील एकही भाग तपासणीला टिकत नाही. गेन, बँडविड्थ आणि स्थिरता ही तीन स्वतंत्र प्रश्नांची तीन स्वतंत्र उत्तरे म्हणून पाठ केली जातात, वास्तविक ती एकाच राशीची तीन रूपे आहेत, आणि ती राशी डोळ्यांआड गेल्यामुळेच वरची सगळी विधाने एकदम खरी वाटू लागतात.

प्रथम गेन वाया जाण्याची तक्रार घ्यावी. जो गेन वाया गेला म्हणून हळहळ व्यक्त होते, तो मुळात कोणाच्या हाती होता? प्रयोगशाळांमध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ७४१ या ऑप-अँपचा, म्हणजे एकाच चिपवर घडवलेल्या मोठ्या गेनच्या ॲम्प्लिफायरचा, फीडबॅकविना मिळणारा गेन डेटाशीटमध्ये साधारणपणे २,००,००० असा दिलेला असतो. पण त्याच्या सामान्य व्यापारी आवृत्तीबद्दल उत्पादक जी हमी देतो ती फक्त २०,००० ची. याचा अर्थ एकाच क्रमांकाच्या दोन चिपांत दहा पटींचा फरक निघाला तरी दोन्ही निर्दोष मानायच्या आहेत. त्यात तापमान बदलले की ट्रान्झिस्टरचे गुणधर्म बदलतात, आणि ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो व डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो, तेथे हा बदल नगण्य मानता येत नाही. शिवाय हा अवाढव्य गेन जसाच्या तसा वापरायचा म्हटले तर इनपुटवरची एक मिलिव्होल्टची अंगभूत त्रुटीही दोनशे व्होल्टची मागणी करते, जी पंधरा व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारी चिप कधीच पुरी करू शकत नाही, आणि आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटते.

आता त्याच चिपला आउटपुटचा शंभरावा हिस्सा मागे आणणारे दोन रेझिस्टर जोडले तर काय होते ते पाहावे. फीडबॅकसह गेन काढण्याचे सूत्र साधे आहे: मूळ गेनला ‘एक अधिक लूप गेन’ने भागायचे, आणि लूप गेन म्हणजे मूळ गेन गुणिले मागे येणारा हिस्सा. मूळ गेन २,००,००० असेल तर लूप गेन २,००० आणि अंतिम गेन ९९.९५ येतो, मूळ गेन २०,००० असेल तर लूप गेन २०० आणि अंतिम गेन ९९.५० येतो. दहा पटींचा फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला. येथून पुढे गेन किती हे ट्रान्झिस्टर ठरवत नाहीत, उन्हाळा ठरवत नाही, चिप कोणत्या खोक्यातून निघाली तेही ठरवत नाही. ते दोन रेझिस्टरांचे गुणोत्तर ठरवते, आणि एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर बाजारात अगदी थोड्या पैशांत मिळतो. याला नासाडी म्हणायचे असेल तर हमी, अचूकता आणि टिकाऊपणा यांना शब्द कोणता उरतो?

ज्या भूमीत ही तक्रार होते त्याच भूमीत तिचे खंडन शेताशेतांत पसरलेले आहे. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन जेथे उतरती आहे तेथे, साध्या ठिबकच्या नळीतून खालच्या टोकाच्या झाडाला जास्त आणि वरच्या टोकाच्या झाडाला कमी पाणी मिळते, कारण नळीतील दाब सर्वत्र सारखा नसतो. त्यावर उपाय म्हणून दाब नियंत्रित करणारा, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, ड्रिपर वापरला जातो. त्याच्या आत एक लवचीक पडदा असतो. दाब वाढला की तो पडदा दाबला जाऊन पाण्याची वाट अरुंद करतो, दाब कमी झाला की वाट मोकळी करतो, आणि त्यामुळे ठरलेल्या मर्यादेत दाब कितीही असो, तासाला पडणारे पाणी जवळपास तेवढेच राहते. प्रवाह वाढू लागला की त्या वाढीनेच तिला आवर घालणारी ही योजना निगेटिव्ह फीडबॅकचीच आहे. तिच्यात जास्तीचा दाब खर्ची पडतो, त्यासाठी पंपाकडे तेवढा जास्तीचा दाब असावा लागतो, आणि तरीही जळगावच्या ज्या शेतकऱ्याने ठिबकची ही भाषा आत्मसात केली तो कधी दाब वाया गेला असे म्हणत नाही. प्रत्येक खुंटाला सारखे पाणी गेले असे म्हणतो. त्याच शेतकऱ्याच्या मुलाने वर्गात बसून गेन वाया गेला असे लिहावे आणि त्याला पूर्ण गुण मिळावेत, ही शिकवण्याच्या पद्धतीतील दोषाची खूण आहे.

हा गैरसमज नवा नाही. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील हॅरल्ड ब्लॅक या तरुण अभियंत्याने २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदीवरच्या प्रवासी बोटीत, कामावर जाता जाता, हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर या योजनेची आकृती आणि समीकरण लिहिले. त्याच्यापुढचा प्रश्न लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा होता. हजारो किलोमीटरच्या तारेवर एकामागून एक ॲम्प्लिफायर बसवावे लागत आणि प्रत्येकाची चूक पुढच्याकडे जमा होत जाई. शंभर ॲम्प्लिफायर ओळीने असतील आणि प्रत्येकाचा गेन फक्त एक टक्क्याने वाढला, तरी शेवटी संकेत २.७ पट होतो. ब्लॅकने गेन हवा त्याहून कितीतरी जास्त घडवला आणि जास्तीचा गेन अचूकतेसाठी मोडला. त्याचा पेटंट अर्ज १९२८ चा आणि पेटंट मंजूर झाले ते डिसेंबर १९३७ मध्ये; ब्रिटनच्या पेटंट कार्यालयाने तर हा अर्ज चिरंतन गतियंत्राच्या दाव्यासारखा मानला, असे ब्लॅकनेच पुढे नोंदवले आहे. मुद्दाम गेन घालवणे त्या काळच्या जाणकारांना अविश्वसनीय वाटले, हे समजण्यासारखे आहे, कारण त्यांच्यापुढे पुरावा नव्हता. आज प्रत्येक टेलिफोन, प्रत्येक मोजणीचे उपकरण, प्रत्येक वैद्यकीय यंत्र तो पुरावा देत असताना तेच मत धरून बसणाऱ्यांना ही सवलत देता येत नाही.

दुसरे विधान बँडविड्थचे. बँडविड्थ म्हणजे ज्या वारंवारतांच्या पट्ट्यात ॲम्प्लिफायर आपला गेन जवळपास राखतो तो पट्टा, आणि फीडबॅकने तो वाढतो हे वाक्य प्रत्येक वहीत आहे. ते खोटे नाही, पण ज्या अर्थाने ते पाठ केले जाते तो अर्थ खोटा आहे. ७४१ चा मूळ गेन सुमारे ५ हर्ट्झपर्यंतच २,००,००० राहतो आणि त्यानंतर वारंवारता दहा पट झाली की गेन दहाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून गेन आणि वारंवारता यांचा गुणाकार सुमारे १० लाख हर्ट्झ, म्हणजे एक मेगाहर्ट्झ, इतका कायम राहतो. गेन १० ठेवला तर पट्टा एक लाख हर्ट्झचा, गेन १०० ठेवला तर दहा हजार हर्ट्झचा. आता प्रश्न असा की दहा हजार हर्ट्झला या चिपचा मूळ गेन किती आहे? तो शंभरच आहे, फीडबॅक असो वा नसो. फीडबॅकने तेथे काहीही भर घातलेली नाही. त्याने खालच्या वारंवारतांचा डोंगर कापून सपाटी केली आणि त्या सपाटीच्या रुंदीला बँडविड्थ हे नाव मिळाले.

ही गोष्ट लक्षात न आल्यामुळे विद्यार्थी एक गंभीर चूक करतात. गेन १०० असलेल्या त्याच सर्किटात विरूपण, म्हणजे संकेताचा आकार बिघडणे, ‘एक अधिक लूप गेन’ने, अर्थात दोन हजार पटींनी कमी होते असे ते लिहितात. पण लूप गेन २,००० आहे तो काही हर्ट्झवर. एक हजार हर्ट्झला मूळ गेन १,००० उरतो, म्हणून लूप गेन फक्त १० आहे. दहा हजार हर्ट्झला तो एकवर येतो, म्हणजे पट्ट्याच्या टोकाशी फीडबॅकची सगळी ताकद संपलेली असते. तबल्याच्या चाटेतील किंवा झांजेच्या झणकाऱ्यातील उंच वारंवारतांवर हे सर्किट आपल्या चुका जवळजवळ दुरुस्त करत नाही. भरीला ७४१ चे आउटपुट एका मायक्रोसेकंदात अर्ध्या व्होल्टहून जास्त चढू शकत नाही, म्हणून दहा व्होल्टच्या शिखराचा शुद्ध संकेत त्यातून सुमारे आठ हजार हर्ट्झपर्यंतच नीट निघतो, मग गेन-बँडविड्थचा गुणाकार काहीही सांगो. बँडविड्थचा आकडा लिहून मोकळे होणाऱ्या उत्तरात यातले काय येते?

तिसरा मुद्दा स्थिरतेचा, आणि खरी हानी येथे होते. फीडबॅक मागे येतो तेव्हा तो वजा व्हायला हवा. पण प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये वारंवारता वाढेल तसा संकेत मागे पडत जातो, आणि या मागे पडण्याला फेजचे अंतर म्हणतात. हे अंतर १८० अंशांवर पोहोचले की वजाबाकीची बेरीज होते. त्या वारंवारतेवर लूप गेन अजून एक किंवा त्याहून जास्त असेल, तर सर्किट बाहेरून काही न देताही स्वतःच डोलू लागते. बेल लॅबोरेटरीजमधीलच हॅरी नायक्विस्ट याने १९३२ मध्ये यासाठी निकष मांडला, आणि त्याचाच सहकारी हेंड्रिक बोडे याने १९४५ च्या ग्रंथात गेनचा उतार आणि फेजचे अंतर यांचे नाते संपूर्ण उलगडून दाखवले. खानदेशातील ज्या श्रोत्याने हरिनाम सप्ताहाच्या मंडपात माईकची कानठळ्या बसवणारी शिट्टी ऐकली आहे, त्याने हा निकष कानांनी अनुभवला आहे. भोंग्यातून निघालेला आवाज सात मीटरवरच्या माईकपर्यंत यायला सुमारे वीस मिलिसेकंद घेतो, त्यामुळे वारंवारता दर पन्नास हर्ट्झने वाढली की फेजचा एक पूर्ण फेरा होतो, आणि प्रत्येक फेऱ्यात जेथे बेरीज जुळते अशा असंख्य वारंवारतांपैकी जिच्यावर लूप गेन आधी एकला टेकतो ती किंचाळू लागते. मंडपातला माणूस आवाज कमी करतो किंवा माईक भोंग्यासमोरून हलवतो, म्हणजे लूप गेन घटवतो. त्याला जे हाताने कळते ते पदवीधराला कागदावर कळू नये, असे का?

गेन एकवर ठेवला की धोका नाही, हा समज तर सर्वांत घातक आहे, कारण वस्तुस्थिती त्याच्या नेमकी उलट आहे. गेन एक, म्हणजे व्होल्टेज फॉलोअर, या जोडणीत संपूर्ण आउटपुट मागे येते. मागे येणारा हिस्सा सर्वाधिक, म्हणून लूप गेन सर्वाधिक, म्हणून तो एकवर उतरतो तीही सर्वांत उंच वारंवारतेवर, जेथे फेजचे अंतर सर्वांत जास्त साचलेले असते. समजा, केळीच्या बागेत जमिनीतील ओल मोजणारा सेन्सर आहे, त्याचा संकेत ७४१ च्या फॉलोअरमधून शंभर मीटर शील्डेड केबलने पंपघरापर्यंत आणायचा आहे. अशा केबलची धारिता मीटरला सुमारे शंभर पिकोफॅराड धरली तर एकूण दहा नॅनोफॅराड होते. चिपच्या आतील सुमारे ७५ ओहमच्या रोधाशी ती जुळली की सुमारे दोन लाख हर्ट्झपासून एक नवा विलंब सुरू होतो. फॉलोअरमध्ये लूप गेन साडेचार लाख हर्ट्झच्या आसपास एकवर येतो आणि तेथे केबलने एकटीनेच साठ अंशांहून जास्त फेज खाल्लेली असते. चिपचे स्वतःचे नव्वद अंश आधीच आहेत. उरलेली फेजची शिल्लक, जिला फेज मार्जिन म्हणतात, पंचवीस अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाते, आणि सर्किट प्रत्येक बदलानंतर बराच वेळ थरथरत राहते. याच चिपला, याच केबलवर, गेन दहाचा ठेवला तर लूप गेन एक लाख हर्ट्झच्या अलीकडेच एकवर येतो, केबल फक्त वीस-पंचवीस अंश खाते आणि सर्किट शांत राहते. जास्त गेनचे सर्किट शांत आणि एक गेनचे अस्थिरतेच्या काठावर, हे ज्या अभ्यासात बसत नाही तो अभ्यास अपुरा आहे. फॉलोअरच हवा असेल तर आउटपुट आणि केबल यांच्यामध्ये, फीडबॅकच्या वाटेबाहेर, शंभरएक ओहमचा रेझिस्टर घालणे हा उपाय आहे. पण तो सुचण्यासाठी आधी रोग ओळखता आला पाहिजे.

चिपमध्ये सोय कंपनीने केलेली असते, हेही अर्धवट आहे. १९६५ च्या ७०९ मध्ये अशी सोय नव्हती, वापरणाऱ्याला बाहेरून कपॅसिटर व रेझिस्टर जोडावे लागत. १९६८ च्या ७४१ मध्ये तीस पिकोफॅराडचा कपॅसिटर चिपवरच आला. तो काय करतो? गेन पाच हर्ट्झपासूनच उतरवू लागतो, म्हणजे फेज बिघडण्याआधी लूप गेन एकखाली गेलेला असावा. जी बँडविड्थ बक्षीस म्हणून सांगितली जाते तीच येथे स्थिरतेची किंमत म्हणून आधी मोजलेली आहे, आणि तरीही ही सोय फक्त चिपपुरती आहे. चिपबाहेर जोडलेल्या केबलबद्दल कंपनीने कोणाला शब्द दिलेला नाही. ओपी-३७ सारख्या ऑप-अँपमध्ये वेग मिळावा म्हणून ही सोय मुद्दाम कमी केलेली असते आणि पाचपेक्षा कमी गेनवर तो वापरू नये असे डेटाशीट स्पष्ट बजावते.

ध्वनियंत्रणेच्या दुकानांतील आक्षेपाला वेगळे उत्तर द्यायला हवे. फीडबॅक उशिरा पोहोचतो म्हणून आवाज मळतो, या म्हणण्याला १९७० मध्ये मॅटी ओटाला या फिनलंडच्या अभियंत्याच्या शोधनिबंधाने बळ मिळाले. पण त्या निबंधात वर्णन केलेला दोष ॲम्प्लिफायरच्या आतला टप्पा वेगाने चढू शकत नाही तेव्हा होतो, आणि तो वेग पुरेसा ठेवला की फीडबॅक कितीही असला तरी तो दोष राहत नाही, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. पीटर बॅक्सॅन्डॉल या ध्वनी-अभियंत्याने १९७८ मध्ये दाखवून दिले की थोडासा फीडबॅक दिल्यास काही उंच विरूपणे वाढतात, पण फीडबॅक भरपूर दिला की सगळीच घटतात. यातून निघणारा निष्कर्ष फीडबॅक कमी करा हा नाही. द्यायचा तर पुरेसा द्या, हा आहे. एवढे मान्य करता येईल की ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर ढकलला की फीडबॅक असलेल्या सर्किटात संकेताचा माथा अधिक तीक्ष्णपणे छाटला जातो. मात्र मिरवणुकीत चारशे वॉटच्या यंत्राकडून आठशेची अपेक्षा करून जो कर्कशपणा निर्माण होतो, त्याचा दोष फीडबॅकवर टाकणे न्यायाचे नाही.

डिजिटल युगात हे सारे जुने झाले, या म्हणण्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. साक्री तालुक्यातील सौर प्रकल्पाचे इन्व्हर्टर ग्रिडच्या तालाला धरून राहतात ते फीडबॅकने. भुसावळजवळ दीपनगरच्या ५०० मेगावॅटच्या संचांचे गव्हर्नर वाफेची झडप उघड-बंद करून वारंवारता पन्नास हर्ट्झजवळ राखण्यास हातभार लावतात तेही फीडबॅकने, आणि तेथेही तेल, झडप व वाफ यांचा विलंब लक्षात न घेता गेन वाढवला तर यंत्र डोलू लागते, ज्याला कामगार हंटिंग म्हणतात. या डोलण्याचे गणित मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६८ मध्येच मांडले होते. साध्या मोबाइल चार्जरचे व्होल्टेज स्थिर राहते तेही अशाच लूपमुळे, आणि १११७ सारख्या व्होल्टेज रेग्युलेटरच्या आउटपुटला कोणत्या रोधाचा कपॅसिटर असावा याची मर्यादा डेटाशीट देते ती याच कारणाने.

लूप गेन ही एकच राशी या सगळ्याचा हिशेब ठेवते. तो जेथे मोठा आहे तेथे गेन अचूक आहे. तो जेथे एकवर येतो तेथे बँडविड्थ संपते. आणि त्या ठिकाणी फेज किती शिल्लक आहे यावर सर्किट शांत राहील की किंचाळेल हे ठरते. हा एक आलेख काढता न येणाऱ्या विद्यार्थ्याला तीन सूत्रे पाठ असणे हे ज्ञान नाही, आणि ती तीन सूत्रे स्वतंत्र गुण देऊन तपासणारी परीक्षा त्याचे अज्ञान झाकून ठेवते. म्हणून जळगाव आणि धुळ्याच्या प्रत्येक तंत्रनिकेतनाच्या आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडे एकच मागणी आहे. ७४१ चा फॉलोअर जोडावा, इनपुटला छोट्या उंचीची चौकोनी लहर द्यावी, आउटपुटला दहा नॅनोफॅराडचा कपॅसिटर लावावा आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर थरथरणारी कड विद्यार्थ्याला पाहू द्यावी. मग गेन दहाचा करून तीच कड शांत होताना पाहू द्यावी, आणि कारण त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू त्या प्रयोगशाळांच्या कपाटात आजच आहे.